आईचं नेट

३ जानेवारी २०२६, शनिवार

ममताचा फोन आला. सातवा महिना लागला. बाळंतपणाला कोरीटला यायचं म्हणते. पण ती सुरतेत घरी बसून लॅपटॉपवर दहावीच्या मुलांना गणित शिकवते, आणि ते तास तिला शेवटपर्यंत सोडायचे नाहीत. म्हणाली, "आई, घरमा वायफाय व्हई ते येस. नई ते आठेच दवाखाना दखस."

म्हणजे वायफाय नसलं तर बाळंतपण सुरतेतच. दिवसभर हाताला काम सुचलं नाही. धाकटी रुपा गेल्याला सोळा महिने झाले. तेव्हापासून ममता या घरात एकही रात्र राहिलेली नाही. सकाळच्या गाडीने येते, संध्याकाळच्या गाडीने परत जाते. आता आपणहून राहीन म्हणतेय आणि मधे काय आडवं आलंय, तर एक वायर.

हे अंगणात मिरची वाळत घालत होते. त्यांना सांगितलं. मान वर न करता म्हणाले, "तुले करनं ते कर. माले नेटनं काई सांगू नको." आणि फावडं तिथेच टाकून आत गेले.

पोरीच्या बाळंतपणाची गोष्ट, तरी हा माणूस असा. सोळा महिने माझ्याशी कामापुरतंच बोलतात. कारण मला ठाऊक आहे. ते इथे लिहिणार नाही.

६ जानेवारी, मंगळवार

नंदुरबारहून भरत नावाचा गृहस्थ आला. पन्नाशीचा असेल. पूर्वी टेलिफोनच्या तारा ओढायचा, आता या काचेच्या तारा ओढतो. खांबावरून पातळ काळी वायर घरात घेतली, हॉलमधे टीव्हीच्या वर पांढरा डबा ठोकला, प्लग लावला. दिवे लागले.

"बाई, हिरवं शे तवलोंग हात लावू नका. लाल लागनं ते माले फोन करा." एवढं सांगून निघालाच होता. मी म्हटलं, थांबा, याचं नाव, पासवर्ड, काय ते मला करता आलं पाहिजे. तुम्ही काही दर वेळी येणार नाही. त्याला हसू आलं. पण बसला, चहा घेतला, आणि सांगितलं. मी पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतलं:

डब्याच्या तळाला चिकटवलेल्या कागदावर पहिला पासवर्ड असतो. तो टाकून फोन जोडायचा. मग फोनवर जिथे वेबसाइट लिहितात तिथे एकशे ब्याण्णव, टिंब, एकशे अडुसष्ट, टिंब, एक, टिंब, एक. म्हणजे हा डबा स्वतःचं दार उघडतो. तिथे नाव बदलता येतं, पासवर्ड बदलता येतो, आणि कोण कोण जोडलंय त्याची यादी दिसते.

छत्तीस वर्षं मुलांना पाढे शिकवले. आज मी पहिलीत.

८ जानेवारी, गुरुवार

दार उघडलं! तीनदा आकडा चुकला. दोन टिंबं लागोपाठ पडत होती.

नाव काय द्यायचं यावर बराच वेळ गेला. शेवटी जुनंच दिलं. रुपा असताना माझा फोन हॉलच्या खिडकीत ठेवला की थोडी रेंज धरायचा, आणि माझ्या फोनवरून ती आपल्या फोनला नेट घ्यायची. त्या नेटला तिनेच नाव दिलं होतं, 'आईचं नेट'. पासवर्डही तिचाच, माझ्या पहिल्या शाळेचं नाव आणि साल. तेच दोन्ही या डब्याला दिले. दुसरं काही लक्षात राहणारही नाही माझ्या.

नाव तेवढं परत आलं घरात.

१० जानेवारी, शनिवार

आता अडचण अशी. आमचं घर रेल्वेच्या डब्यासारखं, खोलीमागे खोली, बाजूने ये-जा करायला बोळ. पुढे हॉल, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर, आणि मागे परसाकडची खोली. ममताला मागची खोली द्यायची, तिला न्हाणीघर जवळ. हॉलमधे फोनवर चार रेघा. स्वयंपाकघरात दोन. मागच्या खोलीत कधी एक, कधी एकही नाही.

भरतला फोन केला. "बाई, डबा घरना मझारमा पाहिजे. मधली खोली शे ना? तठे उंचवर ठेवा, सगळीकडे जाई."

मी म्हटलं, मधली खोली नाही चालणार.

"कसाले? सामान शे का?"

हो म्हटलं. सामान आहे.

रात्रीच्या जेवणाआधी ममताचा फोन. आवाज कसातरीच. इकडचं तिकडचं बोलली आणि एकदम विचारलं, "आई, रुपाना फोन कोठे शे?"

मी म्हटलं, प्रकाशाच्या घाटावर. अस्थी सोडल्या तेव्हा तुझ्या वडिलांनी तिचं सगळं तापीत सोडलं, फोनसुद्धा. तुला ठाऊक नाही का?

"तू सोता दखेल शे का सोडताना?"

मी गेले नव्हते. मला उठताच येत नव्हतं त्या दिवसांत. तसं सांगितलं. फोन ठेवताना म्हणाली, यायचं अजून नक्की नाही.

रेघा कमी आहेत हे मी तिला सांगायला नको होतं.

१२ जानेवारी, सोमवार

डबा हॉलमधेच ठेवून काय काय करता येतं ते सगळं केलं. टीव्हीवरून काढून कपाटावर ठेवला. कपाट लोखंडी, आणखी बिघडलं. लाकडी फळीवर ठेवला, जरा सुधारलं. त्याचे दोन कान असतात ते एक उभा, एक आडवा केला. डबा दोन प्रकारचं नेट सोडतो असं कळलं, एक वेगाचं पण भिंतीत अडकणारं, दुसरं सावकाश पण लांब जाणारं. मागच्या खोलीसाठी सावकाशवालं धरलं. दीड रेघ.

नंदुरबारला जाऊन भिंतीत खोचायचं एक लहान यंत्र आणलं. ते मधेच कुठेतरी लावतात, म्हणजे आलेलं नेट पुढे ढकलतं. स्वयंपाकघरात लावलं. पण त्यालाच पुरेसं मिळत नाही तर ते पुढे काय ढकलणार?

सगळ्या भिंती नऊ इंची आहेत. भिंतींचाच दोष.

१३ जानेवारी, मंगळवार

हे लिहू की नको कळत नाही.

दुपारी दोन ते चार मी समाजमंदिरात असते, गावातल्या बायकांना वाचायला शिकवते. आज परत आल्यावर डब्याचं दार उघडून यादी पाहिली, सहज, कोणाला किती मिळतंय म्हणून. वर माझा फोन. खाली यांचा, मीच जोडून दिलेला. त्याच्या खाली इंग्रजी अक्षरांत 'रुपाज फोन'.

डोळे पुसून पुन्हा वाचलं. पुढे लिहिलं होतं, जोडल्याची वेळ दोन वाजून बावीस मिनिटं. तुटल्याची तीन अठ्ठेचाळीस.

मी खाली बसले. हे परसातून आले, डोळे लाल. मिरचीचा खाट फार आहे यंदा. चहा मागितला. मी करून दिला. काय सांगू, तुमच्या मुलीचं नाव यादीत आलंय?

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

तीळगूळ केले नाहीत. यादीत नाव, दोन पाच ते तीन चाळीस.

१६ जानेवारी, शुक्रवार

भरतला विचारलं, पण नाव सांगितलं नाही. म्हटलं, यादीत एक अनोळखी फोन दिसतो.

"शेजारना कोनीतरी पासवर्ड लिधा व्हई. बाई, पासवर्ड बदली टाका. आपोआप तुटी जाई. नई ते त्या नावसमोर ब्लॉक लिखेल शे, ते दाबा."

ते पान उघडून बसले. ब्लॉक लिहिलेलं लाल बटण, नावाच्या अगदी शेजारी. बोट त्याच्यावर धरलं.

एकदा मी तिला म्हटलं होतं, माझ्यासमोर येऊ नको. पुन्हा कसं म्हणू?

बंद केलं पान.

लिहूनच टाकते आता. वीस सप्टेंबर दोन हजार चोवीस, शुक्रवार. शहाद्याचं स्थळ रुपाला पाहायला यायचं होतं रविवारी. ती नको म्हणाली. एम.एस्सी. झाल्यापासून तिसरं स्थळ. मी खूप बोलले. तिने मग माझा फोन मागितला, पाच मिनिटं नेट पाहिजे म्हणाली. मी दिला नाही. म्हटलं, "आज मन्हा फोन मांगू नको. तोंड दखाडू नको माले." ती जिना चढून गच्चीवर गेली. पाऊण तासाने मागच्या बाजूला आवाज झाला.

लोक म्हणाले, पाय घसरला. गच्चीवर पाण्याची टाकी आहे, सिमेंटची, तिच्यावरून. पण टाकीवर कोणी कशाला चढेल? हे मला कोणी विचारलं नाही आणि मी कोणाला विचारलं नाही. माझं ते वाक्य यांनी ऐकलं होतं. हे तेव्हा ओट्यावर होते.

त्या दिवसापासून हे माझ्याशी बोलत नाहीत.

१७ जानेवारी, शनिवार

धनुबाईला सांगितलं. समाजमंदिरात सगळ्यांत आधी येते आणि सगळ्यांत उशिरा जाते ती, आता अख्खं पान वाचते. कोणाला बोलणार नाही.

ऐकून तिने पाटी खाली ठेवली. "बाई, पोर वाट शोधी ऱ्हायनी. तिले काहीतरी सांगनं व्हई."

मी शिक्षिका. असल्या गोष्टी मुलांच्या डोक्यातून काढण्यात माझं आयुष्य गेलं. तरी म्हटलं, काय सांगायचं असेल?

"ते माले कसं माहीत? तुमी मायबेटी."

१९ जानेवारी, सोमवार

बायका आल्या नाहीत. कोणाच्या तरी शेतात मिरचीची तोडणी होती. मी अडीचला परत आले.

हॉलमधे पाय ठेवला आणि तिचा आवाज आला. मधल्या खोलीतून, रुपाच्या खोलीतून. हसत होती. मग म्हणाली, "बाबा, दखा ना इकडे!" आणि परत हसली.

हॉलकडच्या दाराला कुलूप तसंच. स्वयंपाकघराकडचं दार तर तेव्हापासून कोणी उघडलंच नाही. मी कुलपाला हात लावला, थंडगार होतं. आवाज थांबला. आत काहीतरी सरकल्यासारखं झालं.

पळत सुटले, ओट्यावर येऊन बसले. चप्पल एकच पायात. थोड्या वेळाने हे घराच्या मागून वळसा घालून आले. मी म्हटलं, तुम्ही ऐकलं का? मधल्या खोलीत रुपा हसली.

हे माझ्याकडे पाहतच राहिले. ओठ हलले. मग म्हणाले, "शेजारन्या पोरी व्हतीन." आणि नळावर जाऊन तोंडावर पाणी मारत बसले, मारतच बसले.

घाबरले तेही. मी उगीच सांगितलं.

यादी: दोन बारा ते दोन सदतीस.

२१ जानेवारी, बुधवार

मला भीती वाटत नाही, असं आज लक्षात आलं. दुपारची वाट पाहते मी. समाजमंदिरात बसून बायकांची वाचनं ऐकते आणि मनात घड्याळ चालू असतं, आता आली असेल. घरी येऊन वेळ पाहते. आज एक तास दहा मिनिटं. काल फक्त वीस. काल दिवसभर मला चुकल्याचुकल्यासारखं होत होतं, माझंच काही चुकलं का म्हणून.

ममता फोन उचलत नाही. जावई नवनीतराव उचलतात आणि म्हणतात, तिला बरं वाटत नाही. बाळ ठीक आहे म्हणतात. मग काय ठीक नाही?

२४ जानेवारी, शनिवार

ममता आली. न कळवता, सकाळच्या गाडीने, नवनीतरावांना घेऊन. पोट चांगलं पुढे आलंय. चेहरा मात्र उतरलेला. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाली, "दोन्ही बसा. आई, तू आठे. बाबा, तुमी बी."

झालं ते तसंच्या तसं लिहून ठेवते.

तिने फोन काढला. म्हणाली, नऊ तारखेला दुपारी तिला एक मेल आली. रुपाच्या पत्त्यावरून. तिला वाटलं, कोणी खोडसाळपणा करतंय, तिने उघडली नाही. दोन दिवसांनी उघडली. तेव्हापासून झोप नाही.

"माले भ्याव लागनं, आई. तुले काय सांगू समजत नव्हतं. नवनीतनी समजाडं, कोनीतरी तिन्हा फोन चालू करेल शे. फोन पानीमा जायेल नई."

मी यांच्याकडे पाहिलं. हे उठले. मला वाटलं, नेहमीसारखे निघून चालले. पण ते बोळातून स्वयंपाकघरात गेले, मधल्या खोलीचं तिकडचं दार ढकलल्याचा आवाज आला. सहज ढकललं, रोजचं असावं तसं. परत आले तेव्हा हातात रुपाचा फोन होता, निळ्या कव्हरचा, आणि चार्जरची वायर लोंबत होती.

"दुपारले दखस मी," म्हणाले. "तिन्हा फोटो शेतस. व्हिडिओ शेतस. आवाज शे तिन्हा." मला म्हणाले, "त्या दिवशी तू घाबरनी. मी सांगनार व्हतू. तोंड उघडनं नई."

नवनीतरावांनी मग हळू आवाजात समजावून सांगितलं. फोनमधलं सिमकार्ड काढलेलं, म्हणून सोळा महिने तो फोन मुका होता. पण फोन एकदा जोडलेलं नेट विसरत नाही. मी नव्या डब्याला तेच नाव आणि तोच पासवर्ड दिला. दुसऱ्या दिवशी यांनी फोन सुरू केल्याबरोबर तो आपोआप जोडला गेला, आणि त्याच्या पोटात अडकून पडलेली मेल निघून गेली. यांना त्याचा पत्ताही नव्हता. यांना फोटो पाहण्यापलीकडे काही येत नाही.

"कधीनी मेल?" यांनी विचारलं. "त्याच दिवसनी," म्हणत ममताने मला फोन दिला. मी मोठ्याने वाचली. रुपा मला लिहिताना असो की बहिणीला, लिहायची नेहमी पुस्तकी मराठीत. ती सवय माझी.

'ताई, धडगावच्या आश्रमशाळेत विज्ञान शिक्षकाची जागा निघाली आहे. अर्ज आणि सगळी सर्टिफिकेटं जोडली आहेत, आज रात्री बारा वाजेपर्यंत मला तपासून सांग, आज शेवटचा दिवस. आईला बोलू नकोस. ऑर्डर आली की तिच्या ताटाशेजारी ठेवीन, मग बघ कशी रडते. शहाद्यावाल्यावरून आज तिचा पारा चढलाय, आईचं नेटही रुसलंय. खाली गेले की मीच चहा करून तिला मनवते. फाइल जड आहे, गच्चीवरून जात नाही, टाकीवर चढून पाहते.'

शेवटची ओळ मी दोनदा वाचली. मग मला वाचता येईना.

२५ जानेवारी, रविवार

काल पुढे लिहिता आलं नाही.

ती दोघं मागच्या खोलीत आडवी झाली. मी यांना म्हटलं, मला वर यायचंय. सोळा महिन्यांत मी गच्चीवर गेले नव्हते, मिरचीसुद्धा अंगणात वाळते तेव्हापासून. हे पुढे, मी मागे. दुपारचं ऊन होतं.

टाकी माझ्या खांद्याइतकी उंच. एका कडेला हिरवट, वाळलेलं शेवाळ. गच्चीचा कठडा तिथून दोन हातांवर, आणि बुटका. एवढंच. एवढ्याशा जागेला मी सोळा महिने काय काय समजत होते.

मी म्हटलं, मला वाटायचं तिने उडी मारली. मी तोंड दाखवू नको म्हटलं म्हणून.

हे वळले. असा चेहरा मी यांचा पाहिलेला नाही. "उडी? कोनी सांगं तुले? फोन आठे टाकीना झाकनवर व्हता. मन्हा हातले लागना. रेंजकरता चढनी ती, माले तवाच समजनं."

"मग मला का सांगितलं नाही?"

"तू इचारं नई. माले वाटनं तुले माहीत शे." मग खाली बसले, टाकीला पाठ लावून. "दोन महिना मांगी ऱ्हायनी व्हती ती नेट. शेजारनी गल्लीमा वायर येल व्हती. मी सांगं, दिवाळीनंतर दखूत. सरला, मी नेट लिधं व्हतं ते ती कसाले चढती? मन्हामुळे गयी ती. तू बोलत नव्हती, माले वाटनं, तू तेच धरी बसनी."

यांनी माझं नाव कधी घेतलं होतं, आठवत नाही.

मी म्हटलं, तिने माझा फोन मागितला होता. पाच मिनिटं. मी दिला नाही.

ते त्यांना माहीत नव्हतं, ओट्यावर त्यांना तेव्हा काही ऐकूच आलं नव्हतं. आता झालं. आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो. तिने जीव दिला नाही, हे कळून छातीवरचा दगड निघाला, आणि तिथेच दुसरा येऊन बसला, थोडा लहान, पण माझ्या हातचा. यांच्याकडे त्यांचा आहे. काल पहिल्यांदा दोघांनी एकमेकांचे पाहिले.

उतरताना यांनी माझा हात धरला. पायऱ्या उंच आहेत म्हणाले. इतकी वर्षं त्याच पायऱ्या आहेत.

२७ जानेवारी, मंगळवार

मधली खोली झाडली. पुस्तकं तशीच ठेवली. पलंगावरची चादर धुतली, आधी थोडा वेळ नाकाशी धरली. वास उरलेला नाही.

डबा तिथल्या फळीवर गेला. यांनी ड्रिलने भोक पाडून वायर आत घेतली, वेडीवाकडी, पण घेतली. हॉलमधे चार रेघा. स्वयंपाकघरात चार. मागच्या खोलीत तीन, आणि त्या हलत नाहीत.

ममता थांबणार. नवनीतराव तिचे कपडे आणि लॅपटॉप आणायला सुरतेला गेले.

यांनी रुपाचा फोन माझ्यासमोर ठेवला, "तू ठेव" म्हणाले. मी परत त्यांना दिला. दुपारी आम्ही दोघांनी बसून तो व्हिडिओ पाहिला. हे बैलपोळ्याला फेटा बांधतायत, फेटा सारखा सुटतोय, आणि ती मागून हसतेय. यांना सगळा पाठ आहे, कुठे हसणार ते आधीच माहीत. मी म्हटलं, पुन्हा लावा.

यादीत चार नावं. मी कोणाला काढणार नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

ममताचा इथला पहिला तास. सकाळी नऊला. मी उगीचच मधल्या खोलीत हिरवा दिवा पाहून आले, मग मागच्या खोलीच्या दाराशी उभी राहिले. तिला कळू नये म्हणून जरा बाजूला. ती छान शिकवते. घाई करत नाही.

मधेच एका मुलीचा आवाज तुटायला लागला. उत्तर सांगत होती, अर्धंच यायचं. धडगावकडची कुठली तरी होती. म्हणाली, "टीचर, इथे रेंज जाते. मी छतावर जाऊन बसते, तिथे चांगली..."

"नको." ममता इतक्या जोरात म्हणाली की मी दचकले. तिचा हात पोटावर गेला होता. मग हळू आवाजात म्हणाली, "वर नको जाऊस. खालीच बस. येईल आवाज. आम्ही थांबतो."

पाच मिनिटं सगळा वर्ग थांबला होता. हेही येऊन माझ्यामागे उभे राहिले होते, हातांना मिरची लागलेली. मग लॅपटॉपमधून त्या मुलीचा आवाज आला, स्पष्ट.

"टीचर, मी खालीच आहे."